मोठी रॅम टाकली आणि डिस्प्ले गेला: डेस्कटॉपची तपासणी कुठून सुरू करायची

फोटो स्टुडिओ, डीटीपीवाले, ऑटोकॅडवर काम करणारे इंजिनिअर, घरी व्हिडिओ एडिटिंग करणारी मुलं यांच्या मशीनवर हे दुखणं मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. ८ जीबीचं १६ करायचं असतं, नाहीतर १६ चं ३२ किंवा ६४. रॅमची नवी स्टिक (पट्टी) येते, बसते आणि काहीतरी बिघडतं. काय बिघडलं ते आधी नीट ओळखा, कारण पुढची दिशा त्यावर ठरते.

लक्षणं

• पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. काही बोर्ड बीप देतात, काही थोड्या थोड्या वेळानं आपोआप बंद-चालू होत राहतात.

• मशीन सुरू होतं, पण नवी स्टिक दिसतच नाही किंवा निम्मीच दिसते.

• बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या मूळ प्रणालीत) पूर्ण रॅम दिसते, विंडोजमध्ये मात्र वापरायला कमी मिळते.

• क्षमता बरोबर दिसते, वेग कमी. ३२०० ची घेतली आणि २१३३ किंवा २४०० वर चालते.

• सगळं ठीक वाटतं आणि तासाभरानं निळा पडदा येतो. फोटोशॉप मध्येच बंद पडतं, मोठी झिप फाइल उघडताना खराब निघते.

यातलं काहीही झालं की पहिला निष्कर्ष निघतो, ‘रॅम खराब आहे’. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्टिक धडधाकट असतात, फक्त त्या मशीनसाठी बनलेल्या नसतात. रॅमशी प्रत्यक्ष बोलतो तो मेमरी कंट्रोलर. इंटेलच्या कोअर २ पर्यंत तो मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये होता, २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून तो प्रोसेसरमध्ये आला. एएमडीनं तो २००३ मध्येच आत घेतला होता. म्हणून किती रॅम चालेल याचं उत्तर प्रोसेसर, बोर्डवरचे स्लॉट आणि बायोस या तिघांकडून मिळून येतं. स्लॉटमध्ये स्टिक बसली म्हणजे चालेल, असं समजू नका.

आधी फुकटातल्या गोष्टी

मशीन बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, केबल काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला वीजभार निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मग रॅमला हात लावा. स्टँडबाय वीज चालू असताना स्टिक काढल्या-घातल्यानं चांगले बोर्ड गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून ही पायरी कधीच टाळू नका.

स्टिक पूर्ण बाहेर काढून परत बसवा. बऱ्याच बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट वर राहिली तरी लक्षात येत नाही. दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या. नीट बसलेल्या स्टिकचे सोनेरी संपर्क बाहेरून दिसत नाहीत. खाचेची जागा जुळत नसेल तर अजिबात दाबू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ चालते १.२ व्होल्टवर, डीडीआर५ चालते १.१ वर आणि दोन्हींची अंतर्गत रचनाच निराळी आहे. जोर लावून बसवलेली स्टिक स्लॉटही घेऊन जाते.

जुनी स्टिक बरेच दिवस न हललेली असेल तर तिचे संपर्क साफ करा. पावसाळ्यात आणि कोकणात तर हा उपाय हमखास लागतो. पांढरा मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कण ब्रशनं झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्यानं पुसून वाळू द्या. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासघास घासला तर तोच निघून जातो. स्लॉटमध्ये फक्त ब्लोअर मारा, तिथे काही खुपसू नका.

आता फक्त नवी स्टिक, एकटी, योग्य स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा स्लॉट पहिला भरायचा असतो, दोन स्टिक असतील तर दुसरा आणि चौथा. मॅन्युअलमध्ये याचं चित्र असतं, ते बघाच. एकट्या नव्या स्टिकवर मशीन सुरू झालं तर ती स्टिक चालते आणि भांडण जुन्या-नव्या जोडीत आहे. एकटीवरही डिस्प्ले येत नसेल आणि जुन्या स्टिकवर येत असेल, तर जुळणीचा प्रश्न आहे किंवा स्टिकच खराब आहे. ही एक चाचणी पुढचे तास वाचवते, म्हणून मी तिला सगळ्यात आधी ठेवतो.

डीडीआर५ वाल्यांनी, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डवर, घाई करू नये. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड तिची पारख करून टायमिंग बसवतो. त्यात कित्येक मिनिटं काळा पडदा राहतो. ६४ जीबी किंवा जास्त असेल तर आणखी वेळ जातो. लोक घाबरून मधेच बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं तरी थांबा.

विंडोज तर रॅम अडवत नाही ना?

हे फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्या बायोसमध्ये रॅम पूर्ण दिसते. ३२ बिटची विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर काही मिळणार नाही. जुन्या ऑफिसांत ती अजून सापडते. विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट असली तरी ८ जीबीवर थांबते, होम प्रीमियम १६ वर. विंडोज १० आणि ११ ची होम आवृत्ती १२८ जीबीपर्यंत जाते, तेव्हा तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

मग ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, बूटच्या टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सवर जा. ‘मॅक्झिमम मेमरी’ समोर टिक असेल तर काढून टाका आणि रीस्टार्ट करा. इंटरनेटवरचा कुठलातरी ‘वेग वाढवा’ सल्ला वाचून कुणीतरी ती टिक केलेली असते.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी. खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ असा आकडा दिसेल. तो थोडका असेल, किंवा ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे एक-दोन जीबी असेल, तर सोडून द्या. ग्राफिक्सला मेमरी लागते, ती इथूनच जाते. पण १६ पैकी ८ जीबी तिथे अडकलेली दिसली तर गोष्ट गंभीर आहे: बोर्डला स्टिक ओळखू येते, पण वापरता येत नाही. मळलेले संपर्क, चिपची चुकीची घनता (ती पुढे सांगितली आहे) किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन यांतलं काहीतरी असतं.

लेबल वाचा, इथेच बहुतेक उत्तरं असतात

बाजारात रॅम मागताना आपण ‘१६ जीबी डीडीआर४’ एवढंच म्हणतो. कंट्रोलरला एवढ्यानं भागत नाही. त्याला स्टिकवरच्या चिप कशा आहेत हे कळावं लागतं.

स्टिकवर छोटं लेबल असतं, त्यावर अशी ओळ असते: १६ जीबी २आर×८ पीसी४-२६६६व्ही-यूबी१-११. ‘२आर’ म्हणजे चिपच्या दोन रांगा, तांत्रिक भाषेत दोन रँक. ‘×८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. २६६६ हा वेग. पुढे ‘यू’ आहे, म्हणजे साधी, घरगुती डेस्कटॉपची अनबफर्ड रॅम. त्या जागी ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे आणि ‘एल’ असेल तर तीही सर्व्हरचीच. ‘एस’ असेल तर लॅपटॉपची.

सर्व्हरमधून काढलेल्या १६ आणि ३२ जीबीच्या डीडीआर४ स्टिक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत स्वस्तात दिसतात. डेस्कटॉपच्या डीडीआर४ स्लॉटमध्ये त्या अगदी व्यवस्थित बसतात आणि डिस्प्ले येत नाही. साफसफाई करून, बायोस बदलून काहीही उपयोग होत नाही, कारण आय३, आय५, रायझनसारख्या नेहमीच्या प्रोसेसरचा कंट्रोलर रजिस्टर्ड रॅम चालवतच नाही. ओळखायची खूण सोपी: स्टिकच्या मध्यावर एक वेगळी चिप असते आणि मेमरी चिप आठच्या पटीऐवजी नऊच्या पटीत असतात. नऊची पट ईसीसीच्या (चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या) साध्या स्टिकमध्येही असते, त्यामुळे शेवटचा निर्णय लेबलवरच्या अक्षरावर करा. इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन प्रोसेसरच्या एक्स७९, एक्स९९ बोर्डांवर रजिस्टर्ड रॅम चालू शकते, ते निराळं घराणं आहे. डीडीआर५ मध्ये सर्व्हरच्या स्टिकची खाचच वेगळी केली आहे, त्यामुळे निदान हा गोंधळ तिथे होत नाही.

दुसरा सापळा डीडीआर३ वाल्यांसाठी. ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या स्वस्त ४ आणि ८ जीबीच्या स्टिक मिळतात. त्यांत ×४ प्रकारच्या चिप असतात. इंटेलचे डेस्कटॉप कंट्रोलर अनबफर्ड स्टिकवर ×४ चिप स्वीकारत नाहीत, म्हणून मशीन सुरू होत नाही किंवा क्षमता चुकीची दिसते. चिपची संख्या नेहमीच्या स्टिकइतकीच असते, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, ‘इंटेलवर चालेल असं बिलावर लिहून द्याल का?’

आता घनता. एका चिपमध्ये किती गिगाबिट मावतात, ती घनता. हिशोब सरळ आहे: ८ गिगाबिटच्या आठ चिप मिळून ८ जीबी होतात. तशाच सोळा चिप, म्हणजे १६ जीबी, दोन रँक. पण १६ गिगाबिटच्या आठ चिप घेतल्या तरी १६ जीबीच होतात, एका रँकमध्ये. दोन्ही स्टिकच्या खोक्यावर १६ जीबी डीडीआर४ असंच लिहिलेलं असतं. नव्या बोर्डला दोन्ही सारख्याच, जुन्या बोर्डला मात्र दुसरी ओळखता येईलच असं नाही.

म्हणून आपल्या प्रोसेसरची पिढी बघा. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे कोअर प्रोसेसर, म्हणजे २०११ ते २०१४ च्या आसपासची मशीन, डीडीआर३ ची ४ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखतात. सोळा चिप धरल्या तर स्टिकमागे ८ जीबी ही कमाल, चार स्लॉटवर ३२. एच६१ बोर्डवर दोनच स्लॉट असतात, तिथे १६ जीबीला गाडी संपते. या मशीनसाठी १६ जीबीची डीडीआर३ स्टिक घेऊ नका, ती चालणार नाही. ऑफिसांतून निघालेली सेकंडहँड ब्रँडेड मशीन आज असंख्य घरांत आहेत, त्यांतली बरीचशी याच काळातली. त्यांना ८-८ च्या जोड्या लावा आणि समाधान माना.

सहाव्या-सातव्या पिढीत डीडीआर४ आली. तिथे स्टिकमागे १६ आणि एकूण ६४ जीबी, एच११० सारख्या दोन स्लॉटच्या बोर्डवर ३२. इथे मी नेहमी दोन रँकच्या, ८ गिगाबिट चिपच्या १६ जीबी स्टिकच निवडतो. नवव्या पिढीपासून १२८ जीबी, त्यासाठी जुन्या बायोसला अपडेट लागतं. बाराव्या पिढीत त्याच प्रोसेसरसाठी काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे आहेत, तेव्हा प्रोसेसरचं नाव सांगून रॅम मागू नका, बोर्डाचं मॉडेल सांगा. तेराव्या-चौदाव्या पिढीत ४८ जीबीच्या स्टिक धरून १९२ जीबीपर्यंत जाता येतं. एएमडीचं एएम४ म्हणजे डीडीआर४, कमाल १२८ जीबी. एएम५ वर फक्त डीडीआर५.

बोर्डाचं मॉडेल विंडोजमधून बघायला सीपीयू-झेड हे मोफत साधन पुरेसं आहे. त्याच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा भाग क्रमांक आणि रँक दिसते. तो क्रमांक बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरच्या ‘मेमरी सपोर्ट’ यादीत शोधा. यादीत नसलेली स्टिक चालणार नाही असं नाही, पण यादीत असलेली घेतली तर दुकानदाराशी बोलताना तुमची बाजू पक्की असते. विंडोजमध्ये ‘डब्ल्यूएमआयसी’ ही आज्ञा टाइप करून मिळणाऱ्या कमाल क्षमतेवर मात्र विसंबू नका. तो आकडा बायोस जे सांगेल तेच सांगतो आणि बायोस पुष्कळदा चुकीचं सांगतो.

आणखी एक: पुस्तकाएवढ्या आकाराची जी ब्रँडेड मिनी डेस्कटॉप मिळतात, त्यांतल्या बहुतेकांना लॅपटॉपचीच रॅम लागते. ऑर्डर करण्याआधी झाकण उघडून बघा.

बायोस

लेबल जुळतंय, मर्यादेत आहे, तरी डिस्प्ले नाही. मग बायोसच्या जुन्या सेटिंग्ज पुसा. वीज काढून, बोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा (सेटिंग्ज पुसण्याचा) जंपर मॅन्युअलप्रमाणे वापरा किंवा सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर काढून ठेवा. आधीच्या रॅमसाठी हातानं दिलेला वेग किंवा व्होल्टेज नव्या रॅमला मानवत नसेल तर इथेच सुटतं. ज्या मशीनची तारीख दर वेळी मागे जाते, तिची बॅटरी या निमित्तानं बदलाच.

त्यानंतर बायोस अपडेट. हे जुनी, चालणारी रॅम लावूनच करायचं. फाइल बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि बोर्डावर छापलेली रिव्हिजनही जुळवा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. चांगला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे वीज ये-जा करत असेल तर ही पायरी घरी करू नका.

वेग कमी, किंवा मधूनच बंद

वेग कमी दिसणं बहुतेक वेळा बिघाड नसतो. खोक्यावरचा ३२०० किंवा ६००० हा आकडा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला जास्त वेग देणारी तयार सेटिंग) चालू केल्यावर मिळतो, त्याआधी रॅम सुरक्षित वेगावर चालते. शिवाय प्रोसेसर-बोर्डाची मर्यादा असते: दहाव्या पिढीचा आय५ एच४१० बोर्डवर २६६६ च्या वर जाणार नाही, स्टिक कितीही महाग असो. चार स्टिक लावल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो. रायझन ७००० साठी एएमडीनं दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा वेग दिला आहे. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चार घेण्यापेक्षा ३२ च्या दोन घ्या आणि त्या एकाच पाकिटातल्या जोडीच्या घ्या.

जुनी ८ आणि नवी १६ एकत्र चालवणं शक्य आहे. इंटेलवर त्यातल्या १६ जीबीला दुहेरी चॅनेलचा (दोन वाटांनी एकदम चालण्याचा) वेग मिळतो, उरलेल्या ८ ला एकेरी. रोजच्या कामात फरक फारसा जाणवत नाही. पण असं मिश्रण मधूनच बंद पडत असेल तर एक्सएमपी बंद करून बघा. तेवढ्यानं थांबलं तर रॅम वाईट नाही, जोडी जुळत नाही.

तरीही निळा पडदा येत असेल तर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं साधन पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू ठेवा. एक चूक दिसली तरी निकाल नापास. मग एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये तपासा. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. हे होईपर्यंत त्या मशीनवर ग्राहकाच्या लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा काहीही सेव्ह करू नका. बिघडलेली रॅम फाइल लिहितानाच चुकीची लिहिते आणि ते पुष्कळ दिवसांनी उघडकीला येतं. चांगल्या एकट्या स्टिकवर मशीन चालवून आधी बॅकअप घ्या.

इथे थांबा

एका चॅनेलचे दोन्ही स्लॉट कुठल्याही चांगल्या स्टिकनं चालत नसतील, तर संशय प्रोसेसरच्या सॉकेटवर जातो. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक असतात, एक वाकली तरी निम्मी रॅम नाहीशी होते. कूलर एका बाजूनं जास्त आवळला तरी असंच होतं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि कूलर ओढताना वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. हे काम सूक्ष्मदर्शक आणि सवयीचा हात असलेल्याकडे द्या, सुई-चिमट्यानं घरी प्रयत्न करू नका. जळका वास, स्लॉटवर काळा डाग, बायोस अपडेटनंतर पूर्ण मृत बोर्ड, अशा वेळीही तेच. बोर्ड वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर, कारण बाहेर पिना सरळ केल्या की वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

जाताना दोन्ही रॅमच्या लेबलांचे फोटो, बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये चालली याची नोंद न्या. जुनी चालणारी स्टिक सोबत असू द्या, नाहीतर तपासणाऱ्याला सुरुवात करायलाच काही नसतं.

स्टिक नापास झाली असेल तर तिचं स्टिकर काढू नका, आणि जोडीची असेल तर दोन्ही परत द्या. कंपन्या जोडी पूर्ण मागतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव फार चढले आहेत, तेव्हा बिल आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.